न पचलेल्या गोष्टींची गोष्ट

दुपारी काय खाल्लंत असं कुणी विचारलं, तर तुम्ही पटकन सांगून मोकळे व्हाल. नाही सांगितलंत तरी आईला ते कळतंच. जांभळं खाऊन आलेल्या पोराला नुसतं ‘जीभ दाखव’ म्हटलं की काम झालं! पण वाघाला कसं विचारणार? तो हिंडतो रात्री, खातो झुडपात बसून, आणि खाताना कुणी डोकावलेलं त्याला मुळीच खपत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाकडेला राहणाऱ्या आम्हा लोकांसाठी हा प्रश्न नुसता गमतीचाही नाही. वाघाने चितळ खाल्लं की कुणाची गाय खाल्ली, यावरून गावात भांडणं होतात. कधी कधी त्यावरून वाघाचा जीवही जातो.

या प्रश्नाचं उत्तर असतं वाघाच्या विष्ठेत. शी! म्हणून पान उलटू नका. पुढे देवमासा यायचा आहे, डायनोसॉरही यायचा आहे.

जंगलातल्या कच्च्या रस्त्याच्या मधोमध किंवा वळणावर वाघाची विष्ठा पडलेली दिसते. ताजी असताना काळपट, जुनी झाली की पांढुरकी. लांबून पाहिलं तर चिंध्या पिळून टाकल्यासारखी वाटते, कारण ती बरीचशी केसांनीच भरलेली असते. वाघ शिकार खाताना मांसाबरोबर कातडी आणि केसही गिळतो. मांस पचतं, चरबी पचते, कोवळी हाडंही बरीचशी विरघळतात. केस मात्र जसेच्या तसे बाहेर पडतात. केस केराटिन नावाच्या पदार्थाचे बनलेले असतात. आपली नखंही त्याचीच. वाघाच्या पोटातल्या जालीम रसांना या केराटिनपुढे हात टेकावे लागतात. मग हे केस हाडांच्या टोकदार तुकड्यांभोवती गुंडाळले जातात आणि सगळं एकदमच बाहेर येतं.

काही वर्षांपूर्वी वाघाच्या आहाराचा अभ्यास करणारी एक ताई आमच्या भागात आली होती. वनविभागाची रीतसर परवानगी घेऊन ती विष्ठा गोळा करायची. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक होतं आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असायची, त्यामुळे तिचं काम मला जवळून बघता आलं. प्रत्येक नमुना कागदी पिशवीत, वर तारीख आणि जागा. आधी तो उन्हात वाळवायचा. मग बारीक चाळणीत घालून वाहत्या पाण्याखाली धुवायचा. घाण वाहून जाते आणि चाळणीत उरतात केस, हाडांचे तुकडे, कधी खुराचा तुकडा, कधी मोराच्या पिसाचा दांडा, कधी साळिंदराच्या काट्याचं टोक. त्या केसांतून न निवडता, डोळे मिटून उचलल्यासारखे वीस केस घ्यायचे. न निवडता का? कारण आपण निवडायला बसलो की आपला हात लांब आणि ठसठशीत केसांकडेच जातो, आणि बिचारा ससा चाळणीतच राहतो!

आता हे वीस केस काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघायचे. मला वाटायचं, केस म्हणजे केस, त्यात बघायचं काय? पण शिसपेन्सिलीत जसं मधोमध शिसं असतं, तसा केसाच्या आतही एक गाभा असतो. हा गाभा प्रत्येक प्राण्यात निराळा दिसतो. चितळ-सांबराच्या केसात गाभा इतका रुंद की केस जवळजवळ त्यानेच भरलेला, आणि आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं. त्यात हवा भरलेली असते, म्हणून हरणाचा केस दुमडला की चटकन मोडतो. सशाच्या केसात गाभ्याचे कप्पे ओळीने रचलेले, थेट मक्याच्या कणसाच्या दाण्यांसारखे! गाईच्या केसात गाभा अरुंद, मधली एक पट्टी जणू. रानडुकराचा केस ओळखायला तर बहुतेक वेळा भिंगही लागत नाही. जाडजूड, राठ, आणि टोकाला झाडूसारखा फाटलेला. माणसाच्या केसात गाभा केसाच्या एक तृतीयांशाहूनही बारीक असतो, तुटक तुटक, आणि कित्येकदा तो नसतोच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. समोरचा केस चितळाचा आहे हे कळण्यासाठी चितळाचा केस कसा असतो हे आधी माहीत असायला हवं. म्हणून ताईजवळ एक वही होती. तिच्यात चितळ, सांबर, भेकर, चौसिंगा, रोही, रानगवा, रानडुक्कर, वानर, ससा, गाय, म्हैस, बकरी, कुत्रा अशा सगळ्यांच्या केसांची चित्रं आणि मापं होती. एकाच चितळाचे पाठीवरचे केस वेगळे आणि पोटावरचे वेगळे, म्हणून एकेका प्राण्याची चार-चार पानं. मला विचाराल तर खरं काम त्या वहीतच होतं. आणि वही जवळ असूनही चितळ की सांबर असा पेच पडला, की ती कधी कधी अर्धा अर्धा तास सूक्ष्मदर्शकावरून मान वर करत नसे. जवळच्या नात्यातले प्राणी, त्यांचे केसही एकमेकांसारखेच. तिथे घाई करून चालत नाही.

ती इथे असतानाच जवळच्या एका गावात एक प्रकरण झालं. एका म्हाताऱ्या आजोबांची कालवड चरायला गेली ती परत आलीच नाही. आजोबा म्हणाले, वाघाने नेली. गावातल्या काही जणांना मात्र संशय होता, की म्हाताऱ्याने कालवड बाजारात विकली आणि आता नुकसानभरपाई मिळावी म्हणून वाघाचं नाव घेतोय. आणि तरण्या पोरांपैकी दोघं-तिघं तर वेगळंच बोलत होते. उद्या आणखी कुणाचं जनावर मेलं तर त्याच्यावर शेतात फवारायचं औषध टाकून ठेवायचं, म्हणजे वाघाचा कायमचा बंदोबस्त! असे प्रकार घडलेलेही आहेत. त्यात वाघ मरतो, आणि त्याच्याबरोबर कोल्हे, गिधाडं, गावातली कुत्रीही मरतात.

आजोबा वनरक्षकाबरोबर शाळेत आले. डोक्याला पंचा, हातात कालवडीचं दावं. मला म्हणाले, “मी वाघाचं नाव खोटं घेतो का जी? माही कालवड गेली आन् मलेच चोर म्हनतेत.”

त्या आठवड्यात ताईला त्या भागातून तीन नमुने मिळाले होते. तिने ते धुतले, बघितले. दोनांत रानडुकराचे केस निघाले, एकात चितळाचे. गाईचा एकही केस नाही. आमच्या नववीच्या मुलांनी लगेच निकाल लावला, “म्हणजे वाघ निर्दोष!” ताई हसली. म्हणाली, “अरे, या तीन वेळच्या विष्ठेत गाय नाही, एवढंच मला सांगता येतं. चौथ्या वेळचं अजून कुठे बघितलंय?”

चार दिवसांनी नाल्याच्या वाळूत चौथा नमुना सापडला. केस आखूड, तांबूस, गाभा अरुंद. आजोबांच्या दाव्याला कालवडीचे दोन-चार केस चिकटून राहिले होते, ते शेजारी ठेवून बघितले. जुळले. मुलं ओरडलीच, “सापडली आजोबांची कालवड!” पण इथेही ताईने त्यांना थांबवलं. केसाच्या ठेवणीवरून गाय आहे हे कळतं. कुणाची गाय, हे कळत नाही. वाघाने ती मारली की आधीच मेलेली खाल्ली, हेही केस सांगत नाही. मात्र वाघ शिकारीजवळ दोन-तीन दिवस रेंगाळतो, म्हणून वनरक्षकाने माणसं घेऊन तो नाला वरपर्यंत पालथा घातला. दाट झुडपात ओढत नेल्याच्या खुणा मिळाल्या, कवटी मिळाली, खूर मिळाले, आणि आजोबांनी कालवडीच्या गळ्यात बांधलेली घंटाही मिळाली. पंचनामा झाला. आजोबा म्हणाले, “कालवड तं आली नाई जी, पन मी खोटा तं नाई ठरलो.”

ही पद्धत आजकालची नाही बरं का. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात कान्हाचं जंगल आहे. तिथे १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शेल्लर या शास्त्रज्ञाने वाघांचा अभ्यास केला, तेव्हा त्यानेही वाघांच्या विष्ठा तपासून त्यांचा आहार शोधला होता. पुढे ताडोबा, नागरहोळे, गीर अशा ठिकाणी हे काम झालं आणि त्याचे नियम हळूहळू बसत गेले. एक अडचण मात्र फार दिवस सुटत नव्हती. विष्ठा वाघाची की बिबट्याची? नुसत्या आकारावरून खात्री देता येत नाही, कारण थोराड बिबट्या आणि तरुण वाघ यांच्या विष्ठेत फरक करणं अवघड असतं. आता विष्ठेवर चिकटलेल्या आतड्याच्या पेशींतला डीएनए तपासून ते सांगता येतं. कोणी खाल्लं हे डीएनए सांगतो, काय खाल्लं हे केस सांगतो.

मी हे सगळं कुणाला सांगायला लागलो की मला समुद्रातले लोक आठवतात. आमच्या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, आणि पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं, तेवढाच काय तो आमचा समुद्राशी संबंध. पण खोल समुद्रात स्पर्म व्हेल नावाचा जो अवाढव्य देवमासा आहे, त्याची गोष्ट आमच्या वाघासारखीच आहे. (देवमासा म्हणतात, पण तो मासा नाही, आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच.) तो अंधाऱ्या पाण्यात खूप खोल बुडी मारतो आणि माकूळ खातो. कोकणातल्या मुलांना माकूळ माहीत असेल. बाजारात दिसतं ते वीतभर, लिबलिबीत, तोंडाभोवती दहा हात असलेलं. त्याच्या अंगात हाड नाही. पण तोंडात पोपटासारखी एक काळी-तपकिरी टणक चोच असते. पोपटाची वरची चोच खालच्या चोचीवर येते, माकुळाचं उलटं. त्याची वरची चोच खालचीच्या आत बसते. ही चोच कायटिनची, म्हणजे झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात जो पदार्थ असतो त्याची. देवमाशाच्या पोटात माकूळ विरघळून जातं आणि चोची तेवढ्या उरतात. एकेका देवमाशाच्या पोटात हजारो चोची मिळालेल्या आहेत!

माल्कम क्लार्क नावाचा एक ब्रिटिश शास्त्रज्ञ होता. त्याने जन्मभर या चोचींचा अभ्यास केला. कोणत्या जातीच्या माकुळाच्या चोचीचं टोक कसं वळलेलं असतं, तिच्या कडेचा कोन कसा, पंखासारखा भाग किती रुंद, हे सगळं त्याने मांडलं, आणि १९८६ साली चोचींवरून माकुळाची जात ओळखण्याचं एक पुस्तक तयार केलं. म्हणजे ताईची वहीच, फक्त समुद्रातली! खालच्या चोचीचं टोक मोजलं की ते माकूळ केवढं होतं याचाही अंदाज येतो. खोल समुद्रातली कित्येक माकुळं माणसाच्या जाळ्यात सापडतच नाहीत. देवमाशाला ती बरोबर सापडतात. ‘कोलॉसल स्क्विड’ या राक्षसी माकुळाची जगाला ओळख झाली तीही देवमाशाच्या पोटातूनच. तिथे मिळालेल्या त्याच्या हातांच्या तुकड्यांवरून रॉबसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२५ साली त्याचं वर्णन केलं. क्लार्कच्या तरुणपणी देवमाशांची शिकार होई, म्हणून त्यांची पोटं तपासायला मिळत. आता शास्त्रज्ञ अल्बट्रॉस पक्ष्यांच्या घरट्यांपाशीही चोची गोळा करतात. तो पक्षीही माकूळ खातो आणि न पचलेल्या चोची ओकून टाकतो.

आता परत चंद्रपूरला या, कारण डायनोसॉर राहिला आहे.

वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतात पूर्वीपासून गोलसर, करड्या-तपकिरी रंगाचे विचित्र दगड मिळतात. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनीही एकोणिसाव्या शतकात पिसदुऱ्याचे जीवाश्म गोळा केले होते. १९३९ साली मॅटली नावाच्या भूशास्त्रज्ञाने या दगडांवर सविस्तर लिहिलं. हे दगड म्हणजे दगड झालेलं शेण आहे! सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचं. त्या काळात इथे टायटॅनोसॉर जातीचे लांब मानेचे, झाडपाला खाणारे प्रचंड डायनोसॉर राहत होते. जवळच्याच डोंगरगावला अशा एका डायनोसॉरची हाडं मिळाली आहेत. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून त्याला आज ‘आयसिसॉरस’ म्हणतात.

कोटी कोटी वर्षं दगड होऊन पडलेल्या शेणात काय उरणार? केस नाहीत, चोच नाही. पण गवतात एक पदार्थ असतो, सिलिका. वाळू आणि काच ज्याची, तोच. धानाच्या बांधीत निंदण केलेल्या मुलांना विचारा, धानाची पात हातावरून सर्रकन गेली तर कसा चरा पडतो! ती करामत सिलिकेचीच. वनस्पती जमिनीतल्या पाण्याबरोबर सिलिका शोषून घेते आणि तिचे बारीक बारीक खडे आपल्या पेशींत साठवते. ज्या पेशीत खडा तयार होतो, तिचा आकार त्याला येतो. कुठे डमरूसारखा, कुठे घोड्याच्या खोगिरासारखा, धानाच्या पात्यात तर चक्क हातपंख्यासारखा. गवत कुजलं, जळलं, कुणी खाल्लं, तरी हे खडे टिकून राहतात. राइस मिलजवळ जळलेल्या तुसाची राख पाहिली असेल, तर ती बहुतेक सगळी सिलिकाच असते.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद यांनी, तसंच अशोक साहनी आणि इतर सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या या दगडांतले खडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. २००५ साली त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं, की या शेणात गवत आहे, आणि तेही एका प्रकारचं नाही, निदान पाच प्रकारचं! शास्त्रज्ञांच्या जगात खळबळ उडाली. कारण तोपर्यंत समजूत अशी होती, की गवत पसरलं ते डायनोसॉर संपल्यानंतर. जुन्या पुस्तकांत डायनोसॉरची चित्रं बघा, पायाखाली नेचे आणि सूचिपर्णी झाडं दिसतील, गवत नाही. २०११ साली याच लोकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्यातले काही खडे धानाच्या कुळातल्या गवताचे आहेत! आम्ही झाडीपट्टीची माणसं दोन्ही वेळा भात खाणारी, त्यामुळे मला ही बातमी वाचून उगीचच आपल्या घरचं कुणीतरी पेपरात आल्यासारखं वाटलं.

आणि गंमत पाहा, ताईची अडचण इथेही आहेच. काय खाल्लं ते खड्यांनी सांगितलं. कुणी खाल्लं? आजूबाजूला टायटॅनोसॉरची हाडं मिळतात म्हणून शेण त्यांचं असावं, असा तर्क आहे. चांगला तर्क आहे. पण सात कोटी वर्षांपूर्वीच्या शेणातून डीएनए काही मिळत नाही. हे प्राणी फक्त गवत खात नव्हते, हेही खरं. शेणात इतर झाडांचे अवशेष गवतापेक्षा जास्त आहेत. गवत हे तोंडी लावणं असावं.

पिसदुऱ्याचे दगड तुम्ही उचलून आणायचे नाहीत. त्यांच्यावर अजून अभ्यास व्हायचा आहे. जंगलातली विष्ठा तर मुळीच हातात घ्यायची नाही. तिच्यात जंतांची अंडी असतात, आणि अभयारण्यातून काहीही आणायला परवानगी लागते. पण केसांची वही कुणालाही करता येईल. गाय, बकरी, कुत्रा, मांजर, आजीची वेणी, बाबांची मिशी! काचेच्या पट्टीवर रंग नसलेल्या नेलपॉलिशचा पातळ थर द्या, अर्धवट वाळत आला की त्यावर केस ठेवा, पूर्ण वाळल्यावर केस अलगद ओढून काढा. थरात केसाच्या वरच्या खवल्यांचा ठसा उमटलेला असेल. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसतो. कुणाचा केस, अंगावर कुठला, तारीख कोणती, हे शेजारी लिहा आणि चित्र काढा. मग मित्राला न सांगता एखादा केस आणायला सांगा आणि वहीवरून ओळखून दाखवा. नेलपॉलिश ताईचं असेल तर आधी विचारून घ्या, आणि बकरीचा केस घेताना बकरीच्या मालकाला.